लुगड्याला माप नव्हते

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या अंगाने भरलेल्या बाईला उपदेश करणाऱ्यांचा तोटा कधी पडत नाही. रुंद काठ घेऊ नका, आडवे पट्टे तर नकोच, रंग गडद असावा, फूल बारीक असावे! दुकानातला पोरगेला नोकरसुद्धा न विचारता हे सांगतो. ऐकणारीला वाटते, हे नियम वेदकाळापासून चालत आले असावेत. पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या बायकांच्या नेसण्याचा इतिहास पाहिला, तर हे शास्त्र अलीकडचे दिसते. ते शिंप्याच्या मापपट्टीबरोबर घरात शिरले.

नऊवारी लुगड्याला माप नव्हते. लांबी नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. मग नेसणारी काडीसारखी असो की ऐसपैस. सडपातळ बाईच्या निऱ्या चार जास्त, स्थूल बाईच्या चार कमी, एवढाच काय तो फरक. बाळंतपणाने अंग सुटले म्हणून कुणाचे लुगडे वाया गेले नाही. इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डचा खण यांचे माहेर कर्नाटकातले, पण कृष्णाकाठच्या घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या आपलेच मानले. इरकलीचा तो लाल पदर आणि ठसठशीत काठ कृश-स्थूल असा भेद जाणत नव्हते. चोळीला बटणे नव्हती, पुढे गाठ मारायची. अंग वाढले की गाठ सैल. आणि खण तर ओटीत घालायची वस्तू! ओटी भरणारीने समोरचीला कधी माप विचारले आहे काय? अर्थात खणाचा पन्हा बेताचा, भरल्या दंडाच्या बाईला बाही आखूड पडे, हेही खरे. जुने ते सगळे सोने होते, असा माझा आग्रह नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या घरांतून विकच्छ नेसणे आले. म्हणजे काष्टा न घालता पाचवारी पातळ गोल नेसायचे. त्यावरून सासू-सुनांत काय काय झाले असेल, ते तुम्ही ताडालच. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले, तो हाच काळ. गोल पातळ सुटसुटीत खरे. शाळेत मी तेच नेसून जाते. पण त्याच्या आत परकर लागतो, वर अंगाबरोबर बसणारे झंपर लागते. म्हणजे छाती, कंबर, दंड यांचे आकडे आले, आणि आकडे आले की त्यांत बरोबर आणि चूक आले. बाई तीच, पण आता ती मापात बसेना.

आता एक मौज पाहा. मापपट्टी अशी घरात शिरत होती, त्याच काळात महाराष्ट्रातल्या स्त्रिया लुगडे नेसण्याची ऐट शिकत होत्या ती एका पुरुषाकडून! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८ चा, घराणे सांगलीकडच्या नागठाण्याचे. १९०५ साली मिरजेला ते किर्लोस्कर मंडळीची शकुंतला झाले, तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. १९११ च्या ‘मानापमाना’तली भामिनी, १९१६ च्या ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, त्यांचा पदर, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा बायका डोळ्यांत साठवून घरी नेत. १९१९ च्या ‘एकच प्याल्या’त त्यांनी सिंधूचे जुनेर नेसले, तेही शोभले. पुढे वय वाढले, गळा-गाल भरले, देह रुंदावला. असल्या देहाने काय नेसू नये याची यादी त्यांना कुणी दिली असेल, तर त्यांनी ती बाजूला ठेवली. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’ बोलपटात ते मीरा झाले, तेव्हा पन्नाशी हाकेवर आली होती आणि कॅमेरा काही नाटकातल्या दिव्यांइतका दयाळू नसतो. तरी रसिकांनी त्यांना डोक्यावरून उतरवले नाही. पुरुषाच्या भरल्या देहावरचे भरजरी काठ ज्यांना गोड वाटले, त्यांना घरच्या बाईच्या देहावर ते का खुपावेत, हे मला अजून कुणी समजावून दिलेले नाही.

आज सांगलीच्या हरभट रोडवर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात फेरी मारा. नऊवारीसुद्धा शिवून मिळते, विजारीसारखी चढवायची. सोयीची आहे, नाही कशाला म्हणा? पण आत चिठ्ठी शिवलेली असते: एम, एल, एक्सएल. आमच्या शाळेतल्या एक बाई गेल्या वर्षी अशाच एका दुकानात गेल्या, तर मालक वर न पाहताच म्हणाला, “ताई, तुमच्यात नाही येणार.” बाई काही बोलल्या नाहीत. शेजारच्या दुकानात शिरल्या आणि न शिवलेले, पोपटी अंगाचे, चांगले वीतभर काठाचे नऊवारी इरकली घेतले. एका खणात झंपर बसणार नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून खण दोन घेतले. दुसऱ्या खणाच्या किमतीवरून मात्र त्यांनी अर्धा तास घासाघीस केली.