निस्तारापासून ग्रामसभेपर्यंत: चांद्याच्या जंगलातील घरखर्चाचा इतिहास

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, कुटुंबाचा वर्षाचा हिशेब शेतीइतकाच जंगलावर बसवलेला असे. धानाचे एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. घरातले धान्य संपत येई तेव्हा मार्च-एप्रिलात मोहफूल पडे, मागोमाग चारोळी येई, मे महिन्यात तेंदूची पाने तोडणीला येत. घरही जंगलातूनच उभे राही: खांब लाकडाचे, भिंती कुडाच्या, छपराखाली बांबू आणि वर गवत किंवा कवेलू. जंगलात जाण्याची वाट अडली की धान्य, रोकड आणि निवारा ही तिन्ही एकदम महाग होत.

ती वाट इंग्रजी अमलात अडली. गोंड राजांकडून 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि एका शतकानंतर नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चंद्रपुरात फाशी देण्यात आली. पुढे 1865, 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी मालकीचे केले. गावकऱ्यांच्या वाट्याला ‘निस्तार’ राहिला, म्हणजे घर, कुंपण, औते आणि चूल यांपुरते लाकूड, बांबू व सरपण सवलतीत घेण्याची मुभा. वापरता येईल, पण विकता येणार नाही, ही त्यातली खरी अट. पोट भरण्यापुरते जंगल गावाचे आणि पैसा देणारे जंगल सरकारचे, अशी वाटणी त्यातून झाली. पुढच्या शंभर वर्षांच्या दारिद्र्याचे मूळ या एका अटीत आहे.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी व मालगुजारी संपली, अट मात्र राहिली. बल्लारपूरला 1945 मध्ये कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि भोवतालचा बांबू हा तिचा कच्चा माल ठरला. बांबू वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत असला तरी 1927 च्या कायद्याने त्याला झाडांत गणले होते. त्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक वन खात्याच्या हाती होती. गिरणीला सरकारशी झालेल्या करारावर बांबू मिळे. सुपे, टोपल्या, ताटवे विणून जगणाऱ्या बुरुडांना मात्र मोजका बांबू ठरलेल्या डेपोतून आणावा लागे. ज्या गावाच्या शिवारातून बांबूचे ट्रक भरून जात, त्या गावाला त्यातून तोडणीची मजुरी तेवढी मिळे.

रोकडीची उणीव सावकार भरून काढी. आठवडी बाजारात चारोळीसारखा महागडा माल मिठाच्या बदल्यात देण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली, कारण मीठ विकणारा आणि चारोळी घेणारा व्यापारी एकच असे. याला तोड म्हणून आदिवासी विकास महामंडळ 1972 मध्ये स्थापन झाले, 1976 च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली आणि पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांसाठी खावटी कर्ज सुरू झाले. हेतू चांगला होता, पण भाव ठरवणारा फक्त बदलला. भाव ठरवण्यात गाव कुठेच नव्हते.

तेंदूचेही तसेच. 1969 च्या कायद्याने त्याचा व्यापार सरकारने ताब्यात घेतला आणि संकलन ठेकेदारांमार्फत चालले. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि मजुरी पुड्यांच्या हिशेबाने. 1980 च्या सुमारास गडचिरोलीच्या दक्षिणेत आलेल्या नक्षलवाद्यांनी सर्वात आधी हात घातला तो याच मजुरीला. दर वाढले, पण ठेकेदारांकडून खंडणीही सुरू झाली, आणि बंदुकीच्या दोन्ही बाजूंमध्ये सापडलेल्या गावांनी त्याची किंमत मोजली.

खरा पालट धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाने घडवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने येथे सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी राहिली होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा माल, म्हटले आणि 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही विक्री अडली, कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वन खात्याने सोडला नव्हता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्याच्याकडे परवाना त्याच्याकडे बाजार, हे दीड शतकाचे सूत्र त्या दिवशी पहिल्यांदा गावाच्या बाजूने फिरले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावसारखी गावेही पुढे बांबूच्या विक्रीतून उभी राहिली.

पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा यांचा आधार घेऊन अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलावही स्वतः करू लागल्या. 2017 च्या हंगामात भाव विक्रमी चढले. त्याच वर्षी जुलैपासून तेंदूपानांवर 18 टक्के जीएसटी लागू झाला आणि 2018 मध्ये भाव कोसळले. चढ्या भावाच्या आशेवर बसलेल्या कुटुंबांना हा फटका थेट पोहोचला, कारण पाने साठवून भाव येईपर्यंत थांबण्याची सोय ग्रामसभांकडे नव्हती. जंगलावरचे सामूहिक हक्क आता पुष्कळ गावांकडे आले आहेत; गोदामे आणि खेळते भांडवल त्यांच्या हाती देणे हे सरकार व बँकांचे राहिलेले काम आहे.