स्वातंत्र्य आणि बरोबरी : कुंडलचा धडा

माणसाचे व्यक्तिगत स्वातंत्र्य मोठे की आर्थिक समता मोठी, हा वाद जुना आहे. अमेरिकेने स्वातंत्र्य निवडले, रशियाने समता निवडली आणि दोघांनीही दुसऱ्या बाजूची किंमत मोजली, असे आपण पुस्तकांतून वाचतो. पण या प्रश्नासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात कुंडल नावाचे गाव आहे. पूर्वी ते औंध संस्थानात होते. 1939 ते 1946 या सात-आठ वर्षांत या एका गावाने स्वातंत्र्याचाही प्रयोग पाहिला आणि बरोबरीचाही. आम्हांला वाटते, त्या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

आधी सावकारीचे पाहू. इंग्रजी अमलात करार पवित्र ठरला. कर्ज देणारा स्वतंत्र, घेणाराही स्वतंत्र. दोघांनी राजीखुशीने कागद केला, तर सरकारने मध्ये का पडावे, असा हा न्याय होता. पण दुष्काळात पोरांच्या तोंडात घास घालण्यासाठी अंगठा उठवणारा कुणबी कसला स्वतंत्र? कोर्ट फक्त कागद पाहत असे आणि कागद सावकाराच्या पेटीत असे. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती जीव घेण्यासाठी नव्हे, कर्जाची खते जाळण्यासाठी. त्यानंतर 1879 साली सरकारला दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला आणि कागदाच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कराराच्या स्वातंत्र्याला घातलेला तो एक बांध होता.

आपल्याला यात नवल वाटू नये. सूरह बकरामध्ये दीनच्या बाबतीत जबरदस्ती नाही, असे सांगितले आहे. त्याच सूरहमध्ये वीसएक आयतींनंतर व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवले आहे. पुढे कर्जदार अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्या, अशीही ताकीद आहे. म्हणजे श्रद्धेत माणूस मोकळा, व्यापारातही मोकळा; पण दुसऱ्याच्या गरजेला गळफास लावण्यास मोकळा नाही. स्वातंत्र्याची सीमा कोठे असावी, याचे उत्तर इथे आहे.

आता औंधकडे वळू. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रिडमन आणि गांधीजी यांच्या सल्ल्याने, 1939 च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याचा आणि संस्थानाचा कारभार उभा राहावा, अशी ती राज्यघटना होती. भाषणाचे, सभेचे, उपासनेचे स्वातंत्र्य तिने प्रजेला दिले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंती नसलेली कैद्यांची वसाहतही याच काळातली. राजाने आपण होऊन राज्य सोडावे, ही लहान गोष्ट नव्हती.

गांधीजींचा एक आग्रह मात्र आम्हांला शिक्षक म्हणून विचारात पाडतो. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हेतू शिक्षण वाढावे हाच होता. पण त्या काळी खेड्यात अक्षर कोणाला येत होते? ज्याच्या घरी पाटी घेण्याची ऐपत होती त्याला. अंगठा उठवून जमीन गमावणाऱ्यालाच अंगठ्यामुळे मतही नाही, असे व्हायला वेळ लागला नसता. कागदावरचे स्वातंत्र्य सर्वांचे असते. ते वापरण्याची ताकद सर्वांकडे सारखी नसते.

तरीही त्या स्वातंत्र्याचा एक मोठा उपयोग झाला. 1942 च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1943 पासून प्रतिसरकार उभे राहिले. इंग्रज पोलिसांना संस्थानी हद्दीत मनाला येईल तसे शिरता येत नव्हते. म्हणून भूमिगतांना कुंडलचा आसरा मिळाला. जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना इथेच घडली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी लुटली गेली, त्यातही याच सेनेचा हात होता. औंधच्या उदार कारभाराने बरोबरीच्या लढाईला छप्पर दिले, असे म्हटले तर चुकणार नाही.

प्रतिसरकारने नुसता इंग्रजांशी लढा दिला नाही. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. सावकाराने गिळलेल्या जमिनी परत मिळू लागल्या. दारूबंदी झाली, हुंडा आणि लग्नाचा डामडौल यांना चाप बसला, कमी खर्चाची गांधी-लग्ने लागली. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या गरिबाला गावातच, बिनपैशांचा इन्साफ मिळाला.

पण याच कारभाराला लोक पत्री सरकार म्हणू लागले, तेही विसरता येत नाही. गुन्हेगाराच्या पायांना पत्री ठोकतात, अशी वदंता पसरली होती. प्रत्यक्षात तळपायांवर काठ्यांचा मार दिला जाई. मार खाणाऱ्यांत खबरे होते, गावगुंड होते, नाडणारे सावकार होते. त्यांच्याबद्दल कोणाला हळहळ वाटली नसेल. पण फिर्याद ऐकणारे, निकाल देणारे आणि काठी चालवणारे एकाच बाजूचे असले, तर चूक झाल्यावर दाद कोणाकडे मागावी? परकीय राज्याशी युद्ध चालू असताना ते समजू शकते. कायमच्या राज्याचा पाया मात्र त्यावर घालता येत नाही. 1946 साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, प्रतिसरकार थांबले आणि नाना पाटलांसारखा माणूस पुढे निवडणूक लढवून 1957 साली लोकसभेत गेला. बरोबरीची लढाई मतपेटीतून लढता येते, हे त्यांनी मानले.

स्वतंत्र भारताने दोन्ही टोके सांधण्याचा प्रयत्न केला. 1948 चा कूळ कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कसणारी कुळे मालक झाली. राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. जमीन सुधारणांसाठी 1951 साली त्याला मुरड घातली गेली आणि 1978 च्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून वगळला गेला. भाषणाचा, श्रद्धेचा हक्क मात्र मूलभूतच राहिला. हा भेद आम्हांला योग्य वाटतो.

तरी हिशेब पुरा झालेला नाही. कूळ कायद्याने कुळाला जमीन दिली. पण जो कूळही नव्हता त्याचे काय? आपल्यातले नदाफ, तांबोळी, मणेर, शिकलगार, अत्तार हे हातावर पोट असणारे लोक. कापूस पिंजणे, बांगड्या भरणे, धार लावणे हाच त्यांचा सातबारा. जमिनीच्या वाटपात अशा घरांच्या पदरी फारसे काही पडले नाही. सहकारी साखर कारखान्यातही तेच. कुंडलला जी. डी. बापूंच्या नावाचा कारखाना आहे. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे तत्त्व फार मोलाचे आहे. पण सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला रान लागते. बीडकडून कोयता घेऊन येणारा तोडणी मजूर त्या सभासदांच्या यादीत नसतो.

‘इन्कलाब झिंदाबाद’ ही घोषणा देणारे मौलाना हसरत मोहानी 1921 साली अहमदाबाद काँग्रेसमध्ये पूर्ण स्वातंत्र्य मागत होते आणि 1925 साली कानपूरच्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्षही होते. स्वातंत्र्य आणि बरोबरी यांत त्यांना निवड करावीशी वाटली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ ठेवली, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

आपल्या समाजाला तर या दोन्हींची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. संख्येने कमी असणाऱ्यांचे संरक्षण व्यक्तीच्या हक्कात असते. म्हणून कोणी समतेच्या नावाने कायद्याबाहेर काठी उचलली, तर ती पहिल्यांदा कोणाच्या पाठीवर पडेल हे आपण ओळखून असावे. आणि गरीब म्हणून आपल्याला भाकरीचा, शाळेचा, कामाचा वाटाही हवा. नाहीतर हक्क कागदावरच राहतो. मशिदीत एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतो तेव्हा आपण बरोबरीने उभे असतो आणि तिथे कोणी कोणाला ओढून आणलेले नसते. बाहेरच्या व्यवहारातही तेच मागायचे आहे.