चाचणी-प्रश्नांतील सांस्कृतिक पक्षपात

चाचणी-प्रश्नांतील सांस्कृतिक पक्षपात : मानसशास्त्रीय वा शैक्षणिक चाचणीतील एखादा प्रश्न (पद), मोजावयाच्या क्षमतेशी संबंध नसलेल्या कारणाने, विशिष्ट वंशाच्या, भाषेच्या किंवा संस्कृतीच्या उमेदवारांना अधिक अवघड वा सोपा जात असेल, तर तो पक्षपाती मानतात. दोन गटांच्या सरासरी गुणांत फरक पडला, एवढ्यावरून पक्षपात ठरत नाही. असा फरक शाळेच्या दर्जामुळे किंवा घरच्या परिस्थितीमुळेही पडतो. समान क्षमतेच्या उमेदवारांना तो प्रश्न सारखाच अवघड जातो का, हे पाहावे लागते.

पूर्वपीठिका : पहिल्या महायुद्धकाळातील अमेरिकी लष्कराच्या ‘आर्मी अल्फा’ चाचणीत ‘क्रिस्को’ हे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असा प्रश्न होता. अमेरिकी स्वयंपाकघरातला हा छाप नुकत्याच आलेल्या स्थलांतरिताला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 1970 नंतर हा वाद न्यायालयांत गेला. शिकागोतील ‘पेस विरुद्ध हॅनन’ खटल्यात (1980) न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी बुद्धिमापन चाचण्यांतील प्रश्न एकेक करून वाचले आणि त्यांतले मोजकेच संशयास्पद ठरवले. आपल्यापेक्षा लहान मुलाने भांडण उकरून काढल्यास काय करावे, हा त्यांपैकी एक. मात्र 1979 मधील एका विश्लेषणात, इतर प्रश्नांच्या मानाने, हाच प्रश्न कृष्णवर्णीय मुलांना सोपा गेल्याचे दिसले होते. नुसत्या वाचनावर विसंबता येत नाही, हे यातून लक्षात येते.

शोधपद्धती : तज्ज्ञांची समिती प्रश्नांतील अपरिचित संदर्भ व अवमानकारक उल्लेख आधीच वगळते. पुढचे काम आकडेवारीचे. अँगॉफ व फोर्ड यांनी 1973 मध्ये दोन गटांतील काठिण्यमूल्यांची आलेखाद्वारे तुलना केली. कर्करोगाच्या अभ्यासासाठी मँटेल व हेन्झेल यांनी 1959 मध्ये मांडलेली पद्धत हॉलंड व थेयर यांनी 1980 नंतरच्या दशकात चाचण्यांना लावली. एकूण गुण सारखे असलेल्यांचे थर पाडून प्रत्येक थरात दोन्ही गटांची बरोबर उत्तरे मोजली जातात. समजा, 20 गुणांच्या थरात पहिल्या गटातील 100 पैकी 60 जणांनी व दुसऱ्यातील 100 पैकी 40 जणांनी उत्तर बरोबर दिले. बरोबर-चूक यांची गुणोत्तरे 1.5 आणि 0.67 येतात, त्यांचे परस्परप्रमाण 2.25. सर्व थरांत हेच चित्र असेल, तर प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेऊन त्याला 2.35 ने गुणल्यावर सुमारे 1.9 हा निर्देशांक मिळतो (चिन्ह सोडून). तो 1 च्या आत असेल तर फरक नगण्य, 1.5 किंवा अधिक असून संख्याशास्त्रीय कसोटीलाही उतरला, तर प्रश्न ‘क’ या गंभीर वर्गात पडतो. पद-प्रतिसाद सिद्धांत व लॉजिस्टिक समाश्रयण यांवर आधारलेल्या पद्धतीही रूढ आहेत. क्षमतेच्या पातळीनुसार फरकाची दिशा बदलत असेल, तर तेही त्यांतून कळते.

मर्यादा : आकडे केवळ फरक दाखवतात. तो क्षमतेतला की संदर्भातला, हे माणसालाच ठरवावे लागते. ‘धावपटू : मॅरेथॉन’ या जोडीला ‘वल्हेकरी : नौकास्पर्धा’ हे उत्तर असलेला ‘सॅट’ परीक्षेतील प्रश्न गाजला, तो शब्दज्ञानाऐवजी वर्गविशेषाची ओळख मोजतो या आक्षेपामुळे. शिवाय थर पाडले जातात ते त्याच चाचणीच्या एकूण गुणांवरून. सगळेच प्रश्न एका बाजूला झुकलेले असतील, तर एकेकट्या प्रश्नाच्या तपासणीत तो कल दिसतच नाही.

भारतातील संदर्भ : व्ही. व्ही. कामत यांनी 1930 नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर प्रमाणित केले. पुढे मालिन यांनी नागपूर येथे वेक्सलर यांच्या बालचाचणीचे भारतीय रूप तयार केले. अशा रूपांतरात नवी मानके काढण्याबरोबर प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य दोन्ही भाषांत ताडून पाहणे आवश्यक ठरते.