जाडीच्या दिशेचे बळ

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील गाव ज्वारीच्या मुलखात मोडते. कडब्याचे ताट लांबीच्या दिशेने ओढले तर ते सहसा तुटत नाही. परंतु नखाने त्याची चिरफळी लहान मूलही काढते. ताटातील धागे सारे उभे असतात, त्यांस आडवे बांधणारे काही नसते. पदार्थ एका दिशेने बळकट आहे म्हणून तो सर्व दिशांनी बळकट असेलच असे नाही, हा बोध शेतकऱ्याच्या अंगणातच पडलेला आहे. तो ध्यानात न ठेवल्याची किंमत मात्र फार मोठी द्यावी लागली.

मोडनिंबाच्या पूर्वेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर किल्लारी आहे. गणेशविसर्जनानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तेथे भूकंप झाला व सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रांतीच्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड असत. इतकी जाड भिंत पडेल कशी, असे कोणासही वाटावे. परंतु ती भिंत एक नव्हतीच. बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा, आणि मध्ये रोडे व चिखल यांची भर, अशी तिची रचना होती. माळवदाचा उभा भार तिने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. आडवा हिसका बसताच पदर फुगून एकमेकांपासून सुटले, आणि मातीचे जड छप्पर निजलेल्या माणसांवर आले. जाडी होती, जाडीच्या दिशेचे बळ नव्हते.

हाच धडा निराळ्या पदार्थाच्या बाबतीत इंग्लंडात बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच मिळाला होता. फार्नबरो येथील सरकारी संशोधनशाळेत १९६० नंतरच्या दशकात कार्बनचे अतिशय बळकट तंतू तयार झाले. त्यांचे थर राळेने जोडून रोल्स-रॉईस कंपनीने आपल्या नव्या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती घडविली. ती हलकी होती, ओढीस बळकट होती. परंतु १९७० मध्ये पक्ष्याच्या आघाताच्या परीक्षेत ती टिकली नाहीत, व टायटेनियमची पाती घ्यावी लागली. त्या इंजिनाच्या एकंदर खर्चाखाली कंपनीचे १९७१ च्या फेब्रुवारीत दिवाळे निघाले. केवळ पात्यांमुळे हे घडले असे नव्हे. पण त्यांचा वाटा त्यात होताच.

अशा तंतुमय पदार्थांची परीक्षा जाडीच्या दिशेने कशी घेतात, हे सांगण्याजोगे आहे. थरांच्या लहानशा तुकड्याच्या दोन्ही पृष्ठांस धातूचे ठोकळे चिकटवून ते परस्परविरुद्ध दिशांस ओढतात. ओढ किंचित तिरकी झाली तरी तुकडा एका कडेपासून उकलू लागतो आणि आकडा खोटा ठरतो. तुकड्याऐवजी चिकटद्रव्य सुटले, तर मिळालेले माप चिकटद्रव्याचे, पदार्थाचे नव्हे. म्हणून किती भारास तुटले याबरोबरच कोठे तुटले, हेही पाहावे लागते. तंतूंच्या दिशेने जो ताण हा पदार्थ सोसतो, त्याच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाइतकाच, पुष्कळदा त्याहूनही कमी, तो जाडीच्या दिशेने सोसतो.

नवल असे की, दोन्ही ठिकाणचा उपायही एकच. विमानाच्या पदार्थात थरांतून आरपार टाके घालतात अथवा बारीक खिळे रोवतात. भिंतीत दोन्ही पदरांस कवेत घेणारे आरपार दगड, उंचीत दर ६० सेंटिमीटरांवर व लांबीत फार तर १२० सेंटिमीटरांच्या अंतराने, बसवावे असा नियम आहे. उभ्या भिंतीस भोके पाडून, लोखंडी गज घालून काँक्रीट भरले, तरी तेच काम साधते.

विमानाच्या पदार्थाचा तुकडा प्रयोगशाळेत तोडून पाहता येतो; राहत्या घराची भिंत तशी तोडून पाहता येत नाही. तिची परीक्षा पृथ्वी घेते, आणि तीही लोक आत झोपले असता. आमच्या जिल्ह्यातील जुन्या गावठाणांत दगडमातीच्या अशा भिंती अद्याप उभ्या आहेत. त्यांची जाडी पाहून निर्धास्त होण्यापूर्वी, त्यांत एकतरी दगड आरपार गेला आहे काय, एवढे गवंड्यास विचारून घेणे घरधन्याचे कर्तव्य होय.