चाकणचे दोन वेढे व तिराचें वजन

मराठ्यांच्या इतिहासाचीं कागदपत्रें वाचतांना 'बाण' हा शब्द फार जपून वाचावा लागतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील पत्रांत बाणांचा मारा झाल्याचें वर्णन आलें, कीं नवा वाचक रामायणांतील धनुर्धर डोळ्यांपुढें उभे करतो. परंतु त्या बाणाला बहुधा धनुष्य नसे. नळींत दारू ठासून ती बांबूच्या लांब काठीस बांधीत, बत्ती देत, आणि तें अस्त्र आपल्याच जोरानें सुसाटत जाई. धनुष्यावरून सुटे तो तीर. जुना शब्द नव्या हत्याराकडे कां गेला, हा प्रश्न मला व्याकरणापेक्षां युद्धशास्त्राचा वाटतो, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग लांकडी तिराच्या वजनांत आहे. पुण्याच्या उत्तरेस, जुन्नरच्या वाटेवर असलेल्या चाकणांत या गोष्टीचीं दोन्ही टोंकें पाहावयास मिळतात.

पहिलें टोंक पंधराव्या शतकांतलें. बहामनी सुलतान अहमदशहा (१४२२-१४३६) शिकारींत संकटांत सांपडला असतां परदेशी तिरंदाजांनीं त्याला वांचविलें, आणि त्यानंतर इराक, खुरासान, मावराउन्नहर इत्यादि देशांतील ३,००० तिरंदाज चाकरीस ठेवण्याचा त्यानें हुकूम केला, असें फिरिश्ता सांगतो. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत मलिक-उत्-तुज्जार यानें चाकणास ठाणें करून कोंकणावर मोहीम काढली. वाट दाखविण्याच्या मिषानें शिर्क्यांनीं त्याचें सैन्य गर्द रानांत नेलें, व तेथें तें कापलें गेलें. वांचलेले परदेशी चाकणच्या किल्ल्यांत परतले; दक्षिणी सरदारांनीं त्यांजवर फितुरीचा आळ घेतला, सुमारें दोन महिने वेढा चालविला, आणि शेवटीं अभय देऊन, मेजवानीस बोलावून त्यांची कत्तल केली. इतिहासकार येथें विश्वासघाताविषयीं पुष्कळ लिहितात, आणि तें योग्यच आहे. पण हे लोक कोणतें हत्यार घेऊन आले होते, हें विचारण्याचें कष्ट फारसे कोणी घेत नाहीं. त्यांच्या देशाचें धनुष्य शिंग, लांकूड व स्नायु सरसानें जोडून केलेलें असे. उघड्या मैदानांत घोड्यावरून दूरवर व भराभर तीर टाकण्यास तें अद्वितीय. दमट हवेंत मात्र त्याचा सरस ढिला पडतो. कोंकणच्या झाडींत, जेथें पन्नास पावलांपलीकडचा माणूस दिसत नाहीं, तेथें लांब पल्ल्याचा उपयोग तरी काय? त्या पराभवास शिर्क्यांच्या चातुर्याइतकेंच हेंहि कारण असावें, असा माझा तर्क आहे.

आतां वजनाकडे वळूं. धनुष्य ओढतांना जी शक्ति त्यांत सांठते ती सगळी तिराला मिळत नाहीं; धनुष्याच्या भुजा व दोरी यांनाहि धांवावयाचें असतें, आणि त्या आपला वांटा घेतात. हा वांटा मोजण्याची सोपी रीत अशी, कीं तिराच्याच वेगानें अमुक वजनाचें एक ओझें त्याच्यासंगें धांवत आहे असें समजावयाचें. हें ओझें हिशेबापुरतें १ तोळा धरूं. मग २ तोळ्यांच्या तिराला शक्तीच्या तीन भागांपैकीं दोन मिळतात, ४ तोळ्यांच्या तिराला पांचांपैकीं चार. वजन दुप्पट झालें तरी वेग निम्मा होत नाहीं. तो सुमारें २३ टक्क्यांनींच घटतो, आणि वजनास वेगानें गुणून जो आघात येतो तो दीडपटीहून अधिक होतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर पल्ला मात्र पांचांपैकीं तीनच भाग उरतो. म्हणजे जड तीर चिलखतवाल्यावर जवळून टाकावयाचा, हलका तीर दूरच्या घोड्यांवर.

लांकडी तीर जड करावा कसा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जड लांकूड घेणें. रॉजर अ‍ॅस्कम यानें १५४५ सालीं आपल्या 'टॉक्सोफिलस' ग्रंथांत तक्रार केली आहे, कीं लढाईचे तीर अ‍ॅश या जड लांकडाचे असावेत, परंतु हल्लीं ते हलक्या अ‍ॅस्पचे करतात. त्याच वर्षीं बुडालेलें 'मेरी रोझ' हें इंग्रजी लढाऊ जहाज १९८२ सालीं वर काढलें गेलें. त्यावर हजारों तीर सांपडले, आणि त्यांतले बहुतेक अ‍ॅस्पच्याच जातीच्या पॉप्लरचे निघाले! पंतोजीचें गाऱ्हाणें खरें होतें. सरकारी कोठारानें मात्र त्याकडे लक्ष दिलें नव्हतें. आपल्याकडे खैर आहे, पाण्यांत बुडणारा खानदेशचा अंजन आहे. पण इतक्या जड लांकडाची सबंध सरळ काडी तासणें कठीण, आणि ती धनुष्यास पेलणेंहि कठीण. म्हणून शहाण्या कारागिरांनीं तडजोड काढली. काडी हलकी ठेवावयाची आणि पुढचा वीतभर भाग जड लांकडाचा करून पाचरीनें सांधावयाचा. बोरूच्या तिरांत असा लांकडी अग्रभाग घालण्याची चाल प्राचीन मिसर देशांतहि होती. वजन पुढें आल्यानें तीर सरळ जातो, आणि जेथें मोडावयाचा तेथेंच बळकट होतो.

पण येथें एक मेख आहे. पुढें वजन वाढलें, कीं सुटतांना मागून येणाऱ्या धक्क्यानें काडी अधिक लवते, व तीर बाजूला जातो. तो सांवरण्यास काडी जाड करावी, तर पुन्हा वजन वाढतें आणि अधिक ताठ धनुष्य लागतें. काडी पोखरून आंत लोखंडी सळई घालावी, तर लांकूड दुबळें होतें. कौटिल्याच्या यादींत वेळूच्या व शराच्या तिरांबरोबर सबंध लोखंडाचा नाराच येतो, तो याच वाटेचा शेवट होय. त्याच यादींत नुसता ठोसा देणारीं बोथट टोंकेंहि आहेत. भिल्लांचे पांखरें मारण्याचे तीर आजहि त्याच जातीचे. या जडपणाची किंमत पौरवाच्या सैनिकांनीं इ. स. पू. ३२६ मध्यें मोजली. निआर्कसच्या वृत्तान्तावरून, त्यांचें धनुष्य माणसाएवढें, जमिनीवर टेंकून डाव्या पायानें दाबावयाचें, आणि तीर तीन हातांहून किंचित् कमी. ढाल किंवा चिलखत त्याला अडवीत नसे. परंतु कर्टियस सांगतो, कीं लढाईच्या दिवशीं जमीन निसरडी झाल्यानें तीं धनुष्यें नीट टेंकतांच आलीं नाहींत.

आतां दुसरें टोंक. १६६० च्या पावसाळ्यांत शाएस्तेखानानें चाकणास वेढा दिला. खंदकानें वेढलेल्या त्या लहानशा भुईकोटांतून फिरंगोजी नरसाळा सुमारें पावणेदोन महिने लढला. शेवटीं ऑगस्टच्या मध्यास सुरुंगानें बुरूज उडाला, तेव्हां ठाणें पडलें. मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले. मोगलांजवळ तिरंदाज होतेच. पण पडलेल्या बुरुजाच्या तोंडावर मराठ्यांनीं जो वर्षाव केला, त्यांत गोळ्या, दारूचे गोळे व दगड यांच्या जोडीला हे नवे बाणच होते. तिराचें वजन धनुष्यानें बांधलेलें, धनुष्य माणसाच्या दंडानें बांधलेलें, आणि दंडाचें बळ वाढविण्याची कोणाची टाप नाहीं. नव्या बाणाला ती मर्यादाच उरली नाहीं. त्याचा जोर त्याच्या नळींत होता, आणि अधिक जड बाण हवा तर अधिक दारू भरली कीं झालें.

तरी त्यांतहि लांकूड राहिलेंच. बांबूची ती काठी पुष्कळ लांब असे. पण तिचें काम आघात जड करण्याचें नव्हतें. जुन्या तिराचीं पिसें जें करीत, तेंच ती करी : मागें लोंबकळत बाणाचें तोंड सरळ ठेवी.