तोखारियन–उरल भाषासंपर्क, प्रागैतिहासिक

तोखारियन ही इंडो-यूरोपियन कुलातील लुप्त शाखा आणि फिनिश, हंगेरियन, सामोयेदी इ. भाषांचे उरल कुल यांच्या पूर्वरूपांमध्ये, दक्षिण सायबीरियाच्या परिसरात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या सुमारास झाला असावा असा मानण्यात येणारा संपर्क. हा संपर्क लेखनपूर्व काळातील असल्याने त्याची लिखित नोंद नाही. ध्वनी, रूपे व शब्द यांच्या तुलनेवरूनच त्याचे अनुमान करावे लागते. उसने शब्द थोडे आणि तेही वादग्रस्त असताना केवळ व्याकरणाच्या ठेवणीवरून दोन भाषांचा सहवास कितपत सिद्ध होतो, हा भाषेतिहासाच्या पद्धतीविषयीचा महत्त्वाचा प्रश्न या विषयात गुंतलेला आहे.

चीनमधील शिंज्यांग प्रदेशातील तारीम खोऱ्यात, विशेषतः कुचा व तुरफान या परिसरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक यूरोपीय संशोधकांना जुनी हस्तलिखिते मिळाली. त्यांतील ब्राह्मी लिपीत लिहिलेली एक अपरिचित भाषा इंडो-यूरोपियन असल्याचे एमील झीग व व्हिल्हेल्म झीगलिंग या जर्मन विद्वानांनी १९०८ मध्ये दाखवून दिले. उपलब्ध मजकूर स्थूलमानाने इ. स. पाचव्या ते दहाव्या शतकांतील असून तो बहुतांशी बौद्ध धर्मविषयक आहे. तोखारियन अ व तोखारियन ब अशा दोन भाषा त्यात आढळतात. शंभर या अर्थी संस्कृतात ‘शत’, तर तोखारियन ब मध्ये ‘कन्ते’ असा शब्द आहे. या बाबतीत पूर्वेकडील ही भाषा भारत-इराणी शाखेपेक्षा लॅटिनसारख्या पश्चिमेकडील भाषांशी जुळते.

तोखारियनची घडण मात्र इतर इंडो-यूरोपियन शाखांहून बरीच वेगळी आहे. मूळ भाषेतील स्पर्शव्यंजनांच्या तीन माला तिच्यात एक झाल्या. संस्कृत ‘पितृ’ व ‘भ्रातृ’ यांच्याशी संबंधित शब्द तोखारियन ब मध्ये ‘पाचेर’ व ‘प्रोचेर’ असे आहेत. प आणि भ यांच्या जागी तेथे प हा एकच वर्ण दिसतो. ‘गो’शी संबंधित शब्दही ‘केउ’ असा अघोष झाला. तालव्यीकरण व्यापक प्रमाणावर झाले. विभक्तिव्यवस्थेत जुनी रूपे घटून, नामाच्या सामान्यरूपाला स्वतंत्र प्रत्यय जोडण्याची पद्धती रूढ झाली.

या वैशिष्ट्यांचे मूळ एखाद्या इंडो-यूरोपियनेतर अधःस्तरात, म्हणजे स्थानिक लोकांनी टाकून दिलेल्या पूर्वभाषेच्या प्रभावात शोधण्याचा प्रयत्न जर्मन विद्वान व्होल्फगांग क्राउझ यांनी १९५१ मध्ये केला. डच भाषाशास्त्रज्ञ मिखाएल पेरो यांनी २०१९ मध्ये या विचाराला अधिक निश्चित रूप दिले. त्यांच्या मते हा अधःस्तर सामोयेदीच्या पूर्वरूपाशी जवळचा, उरल कुलातील होता. मूळ उरल भाषेत स्पर्शव्यंजनांची एकच माला, तालव्य व्यंजने आणि प्रत्ययांनी बनणाऱ्या अनेक विभक्ती होत्या. एखादा समाज आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, तेव्हा त्याचे जुने शब्द पुष्कळदा लोपतात. उच्चाराच्या व वाक्यरचनेच्या सवयी मात्र नव्या भाषेत उतरतात. भारतीय आर्यभाषांतील मूर्धन्य व्यंजनांच्या वाढीचा संबंध अनेक विद्वान द्राविडी भाषांच्या सान्निध्याशी जोडतात, तोही याच तत्त्वावर.

शब्दांचा पुरावा त्यामानाने दुबळा आहे. फिनिश भाषाशास्त्रज्ञ युहा यान्हुनेन यांनी १९८३ मध्ये सामोयेदीतील धातू किंवा लोखंड या अर्थाचा शब्द आणि ‘सात’ हा संख्यावाचक शब्द तोखारियनशी जोडले. सोन्यासाठी तोखारियन अ मध्ये ‘वास’ व ब मध्ये ‘यासा’ यांसारखे शब्द आहेत. तथापि फिनिश ‘वास्की’ (तांबे) व हंगेरियन ‘वाश’ (लोखंड) हे शब्दही याच चर्चेत येत असल्याने धातूचे नाव व्यापाराबरोबर अनेक भाषांतून फिरले असणे शक्य आहे. पेत्री कालिओ यांनी २००४ मध्ये अशा व्युत्पत्तींची कठोर चिकित्सा केली. याउलट, शंभरासाठीचे फिनिश ‘साता’ व हंगेरियन ‘साझ’ हे शब्द भारत-इराणी शाखेतून आले, हे सर्वमान्य आहे. निःसंदिग्ध उसनवारी कशी असते, याचा तो नमुना होय.

भौगोलिक दृष्ट्या हा संपर्क असंभाव्य नाही. अल्ताई पर्वत व मिनुसिन्स्क खोरे येथील अफनासेवो संस्कृती (इ. स. पू. सु. ३३००–२५००) तोखारियनच्या पूर्वजांची असावी, असे अनेक संशोधक मानतात. तेथील लोक आनुवंशिक दृष्ट्या कृष्णसमुद्राच्या उत्तरेकडील यामनाया संस्कृतीच्या लोकांशी अत्यंत निकटचे होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. जवळच्याच सायान पर्वताच्या परिसरात कामासी व मातोर या आता लुप्त झालेल्या सामोयेदी भाषा बोलल्या जात. परंतु तारीम खोऱ्यातील सर्वांत जुने ममीरूप देह (इ. स. पू. सु. २१००–१७००) स्थानिक वंशाचे असून त्यांत अफनासेवो वंशाचा अंश नाही, असे २०२१ मध्ये आढळून आले. त्यामुळे ते देह तोखारियन भाषिकांचे होते हे जुने समीकरण डळमळीत झाले. तोखारियन भाषा त्या खोऱ्यात केव्हा पोहोचली, हा प्रश्न त्यामुळे खुला राहिला.

या उपपत्तीची मुख्य अडचण अशी, की सारखी रचना दोन भाषांत स्वतंत्रपणेही घडू शकते. मराठीत ‘घोडा’ या नामाचे ‘घोड्या-’ असे सामान्यरूप करून त्याला ‘-ला’, ‘-ने’ इ. प्रत्यय लावतात, ही पद्धती तोखारियनसारखीच असली, तरी तिच्यामागे उरल प्रभाव नाही. म्हणून कोणतेही एक साम्य निर्णायक ठरत नाही. ध्वनिव्यवस्था, विभक्ती आणि भूगोल या तिन्हींचा एकत्रित मेळ हेच या उपपत्तीचे बळ आहे. दोन्ही भाषासमूहांतील बदलांचा कालक्रम जुळला, तरच तिला निश्चित आधार मिळेल.