एका अक्षराची नवी आवृत्ती : ‘ॲ’चा छोटा इतिहास

१/९
हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा : ॲक्ट, अॅक्ट. बहुतेक पडद्यांवर ते सारखेच दिसतील. क्वचित दुसऱ्या शब्दात ठिपक्यांचे एक वर्तुळ डोकावेल. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. या भेदापायी माझ्या शोधनिबंधात एक चुकीचे विधान जाता जाता राहिले. #थ्रेड

२/९
गेल्या वर्षी १९३०च्या दशकातील एका मराठी नियतकालिकाचे संगणकावर टंकून घेतलेले अंक मी अभ्यासत होते. एका कायद्यावरील चर्चा शोधायची म्हणून ‘ॲक्ट’ हा शब्द शोधपेटीत घातला. उत्तर आले शून्य. ‘संपादकांनी या विषयावर मौन बाळगले’ असे टिपण लिहून मी मोकळी झाले. पुढे एक अंक सहज चाळताना तोच शब्द एकाच पानावर तीनदा दिसला!

३/९
याचे मूळ १९९१मध्ये आहे. संगणक अक्षर ओळखतो तो आकारावरून नव्हे, तर त्याला दिलेल्या क्रमांकावरून. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८च्या रूपावर बेतलेली होती.

४/९
त्या मांडणीत ‘ऑ’ होता. ‘ए’वर चंद्र देऊन होणारा ‘ऍ’ही होता. मराठीत रूढ असलेल्या, ‘अ’वर चंद्र देऊन लिहिल्या जाणाऱ्या स्वराला मात्र स्वतंत्र क्रमांक नव्हता. मराठी माणसांनी यावर तोड काढली : आधी ‘अ’ टंकायचा, मग त्याला सुटे चंद्रचिन्ह जोडायचे. काहींनी ‘ऍ’वरच भागवले.

५/९
एप्रिल २००८मध्ये युनिकोडची ५.१ ही आवृत्ती आली आणि ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९मध्ये, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ या स्वरांना अधिकृत स्थान मिळाले.

६/९
पण क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर लगेच दिसू लागते, असे नाही. फॉन्टमध्ये त्याची आकृती असावी लागते, कळफलकावर त्याला जागा लागते. जुन्या फॉन्टवर नव्या अक्षराऐवजी रिकामी चौकट उमटते. साहजिकच जुनी तोड अनेकांच्या हाती टिकून राहिली.

७/९
युनिकोडमध्ये एकदा नोंदलेले अक्षर काढून टाकले जात नाही आणि आधी टंकलेला मजकूरही आपोआप बदलत नाही. ‘अ’ आणि चंद्र ही जोडी वापरू नये, असे युनिकोड सांगते. पण तिला ‘ॲ’शी समतुल्य मानत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक पुरावाही मिळतो. ज्या फाइलमध्ये हा नवा ‘ॲ’ आहे, ती त्या रूपात २००८पूर्वीची असणे जवळपास अशक्य! उलट अनुमान मात्र काढू नये. जुनी जोडी आजही टंकली जाते.

८/९
म्हणून काही साध्या सवयी :
• शोधताना तिन्ही रूपे टंकून पाहा.
• ‘दऱ्या’सारख्या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. तेथेही हीच दक्षता घ्या.
• शब्द लांब असेल, तर पहिले अक्षर गाळून उरलेला भाग शोधा.
• नवे सॉफ्टवेअर किंवा रूपांतराचे साधन आधी फाइलच्या प्रतीवर चालवा, काही पाने मूळ छापील पानांशी ताडून पाहा आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवा.

९/९
माझ्या त्या टिपणावर आता काट मारली आहे. संपादक मौन नव्हते. मीच त्यांना भलत्या अक्षराने हाक मारत होते. ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतले अंतर दप्तरखान्यात आपण जपतो, ते शोधपेटीसमोरही जपायला हवे. तुमच्याकडील एखाद्या जुन्या फाइलमध्ये ही तिन्ही रूपे शोधून पाहा आणि काय हाती लागते ते खाली जरूर लिहा.